बासष्टखालची रेघ

३ फेब्रुवारी

गुंडे,

आशीर्वाद आहेतच. फोन करत नाही, कारण फोनवर तू "हो मावशी, हो मावशी" म्हणतेस आणि दुसऱ्या हाताने काम करत राहतेस. पत्र उघडायला निदान दोन्ही हात लागतात.

बातमी अशी की शेजारच्या जुन्या छापखान्याच्या जागेवर बिल्डिंग येणार होती ना, तिचा नकाशा बदललाय. जिन्याखाली नोटीस डकवलीय. आधी चार मजले आणि चोवीस घरं होती, आता सात मजले आणि बेचाळीस. आधीच्या नकाशात माझ्या खिडकीखाली तुतीच्या जागी एक हिरवा गोल होता. नव्या नकाशात तिथे गाड्या चढायचा रॅम्प आहे, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय, "संरक्षित नसलेले एक झाड काढणे." हरकत असेल तर लेखी द्यायची. वीस मार्चला पुनर्विलोकन समितीपुढे सुनावणी.

तू नकाशे काढणारी. मला एवढंच सांग, झाड संरक्षित आहे की नाही हे कोण ठरवतं आणि कशावरून?

गैरसमज नको. त्या तुतीवर माझं काडीचं प्रेम नाही. दरवर्षी तिची फळं खिडकीतून आत पडतात. दातांच्या डॉक्टरीणबाईंचा शिवायला आलेला पांढरा कोट दोनदा जांभळा झाला आणि दोन्ही वेळा बोलणी मी खाल्ली. पण ते भांडण माझं आणि तिचं आहे. तिसऱ्याने मधे येऊन तिला उपटायची, तेही बारीक अक्षरात, हे मला चालणार नाही.

वरच्या मजल्यावरचे मास्तर सह्या गोळा करत फिरतायत. त्यांच्या अर्जात झाड शेवटच्या ओळीत आहे, बाकीच्या सगळ्या ओळी "एवढी माणसं इथे नकोत" अशा. मी सही केली नाही. तोंडावर सांगितलं, "मास्तर, मी एकटी बाई शिलाई मशीन घेऊन इथे राहायला आले, तेव्हा असाच एक कागद फिरला होता. त्यावर पहिली सही तुमची होती." तेव्हापासून जिन्यात भेटले की मास्तर छताकडे बघतात.

मावशी

११ फेब्रुवारी

ती. मावशी,

नमस्कार. नकाशा आमच्याच ऑफिसचा आहे, हे तू खालच्या शिक्क्यावरून ओळखलंच असशील. पण ते काम माझ्या टेबलावर नव्हतं, त्यामुळे मला आतलं फारसं माहीत नाही.

नियम सोपा आहे. छातीइतक्या उंचीवर खोडाचा घेर मोजायचा. तो शंभर सेंटिमीटर किंवा जास्त भरला तर झाड संरक्षित. मग झाडाला हात लावता येत नाही, नकाशाच बदलावा लागतो. शंभरच्या आत असेल तर बदल्यात पाच रोपं लावायची आणि झाड काढायचं. तुझी तुती बासष्ट आहे, म्हणजे प्रश्न मिटलाच.

सुनावणीच्या फंदात पडू नकोस. तिथे प्रत्येकाला पाच मिनिटं देतात आणि ऐकणारे तिघंही कागदात डोकं घालून बसलेले असतात. फुकट दगदग होईल. गुडघा कसा आहे?

तुझी,
गुंडी

१९ फेब्रुवारी

गुंडे,

गुडघा गुडघ्याच्या जागी आहे.

"छातीइतक्या उंचीवर" म्हणजे कोणाच्या? तुझ्या साहेबांच्या की माझ्या? माझी छाती त्यांच्या कमरेशी येत असेल. असो, नियम करणाऱ्यांनी काही ठरवलं असेल.

टेप गळ्यात अडकवून मी मोजायला खाली गेले, तर जागेला चहूबाजूंनी पत्रे ठोकलेले. वॉचमन म्हणाला, "आजी, आत काम चालू आहे." आत एक मांजर झोपलं होतं, बाकी काही चालू नव्हतं. आजी म्हणाला ते सोडून दिलं. आपल्या बाजूने जावं तर मधली भिंत माझ्याहून दीड हात उंच. तेव्हा वर आले आणि खिडकीतून नजरेनेच मोजलं.

चाळीस वर्षं मी गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्याचं माप घेतलंय. चुकले तर अर्ध्या इंचाने चुकते. बासष्ट सेंटिमीटर म्हणजे जवळपास साडेचोवीस इंच. ही बारा वर्षांच्या मुलीची कंबर झाली. तू बारा वर्षांची होतीस तेव्हा साडेतेवीस होतीस, वहीत आहे. आणि तू त्या खोडामागे लपलीस की मला हाका मारून मारून घसा बसायचा. मग ही बासष्टची तुती कुठली?

अजून एक. बासष्ट हा आकडा नोटिशीत कुठेच नाही. मी भिंग लावून पाहिलं. जे काम तुझ्या टेबलावर नव्हतं, त्यातला आकडा तुला तोंडपाठ कसा?

मावशी

२५ फेब्रुवारी

मावशी,

आमचं ऑफिस म्हणजे एक मोठा हॉल आहे. कोणाच्या टेबलावर काय पडलंय ते चहा आणायला जाताना दिसतं. आकडा दिसला, लक्षात राहिला. त्यात एवढं उकरून काढण्यासारखं काही नाही.

आता मी बोलते, तू ऐक. बेचाळीस घरं, मावशी. मी तिघींबरोबर एका खोलीत राहते. माझ्या वाट्याला अर्धं कपाट आणि कपाटाच्या वरची जागा आहे. ऑफिसला जायला दोन बस बदलते. वस्तीच्या मधोमध बेचाळीस घरं होत असतील, तर मला ती एका झाडाहून मोठी वाटतात. मास्तरांच्या तोंडावर तू जे बोललीस, त्यानंतर तुलाही वाटायला हवीत.

शिवाय पुढच्या महिन्यात मला कायम करणार आहेत. चार वर्षं मी दर सहा महिन्यांनी नव्या कागदावर सही करतेय. साहेब स्वतः म्हणाले, हा नकाशा मंजूर झाला की तुझं काम करून टाकू. आणि त्याच नकाशाविरुद्ध माझी मावशी उभी राहिली तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा काही मागतेय. जाऊ नकोस.

गुंडी

८ मार्च

गुंडे,

"तोंड दाखवायला जागा राहणार नाही" हे वाक्य मी दोनदा वाचलं. मग सुई उशीत खोचली, चपला घातल्या आणि नगररचना कार्यालयात गेले.

कारकून म्हणाला, उद्या या. मी म्हटलं, "उद्यापर्यंत बसते." पिशवीतून एक शर्ट काढला आणि बटणांची काजं करायला घेतली. चौथ्या काजाला फाइल आली. त्यात टाइप केलेला तक्ता होता. झाड एक, तुती, घेर बासष्ट. त्याच्या मागे, टाचणीने लावलेली, जागेवर हाताने लिहिलेल्या कागदाची झेरॉक्स. "तुती. खोडाचं माप ६२." आणि सहा-दोनच्या खाली एक छोटी आडवी रेघ.

ती रेघ मी ओळखते.

तुझी आई हॉस्पिटलात दुपारपाळीला असायची आणि तू शाळेतून थेट माझ्याकडे यायचीस. मी मापं सांगायची, तू वहीत लिहायचीस. गिऱ्हाईक स्वतः आलं तर अंगावरचं माप, म्हणजे पुरता घेर. त्याने जुना कपडा पाठवला तर तो टेबलावर सपाट पसरून मोजायचा, म्हणजे निम्मं माप, ते कापताना दुप्पट करायचं. एकदा वकिलांचा कोट तू निम्म्या मापाने लिहिलास आणि मी गप्पांच्या नादात पाठ कापली. उचलून धरली तर त्यात तूच मावली असतीस. मी वकिलांना सांगितलं, चूक आमची आहे, आणि नवं कापड आणून कोट पुन्हा शिवला. तू रडली नाहीस. दुसऱ्या दिवशी तूच म्हणालीस, "मावशी, सपाट माप असलं की मी आकड्याखाली रेघ मारीन. रेघ दिसली की समजायचं, हे पुरतं माप नाही." पुढच्या सतरा वह्यांत ती रेघ आहे. दुसऱ्या कोणाच्या वहीत मी ती कधी पाहिली नाही.

म्हणजे तू झाडाची जाडी मोजलीस, घेर नाही. कपड्याला दुप्पट आणि गोल खोडाला तिपटीहून थोडं जास्त, एवढं गणित मलाही येतं. बासष्टचे एकशे पंच्याण्णवच्या आसपास होतात. तू खोटं लिहिलं नाहीस गं. खरं लिहिलंस आणि वर इमानाने रेघही मारलीस. टाइप करताना ती रेघ गळली. आणि गळलेली तुला ठाऊक आहे, म्हणून तू मला अकरा फेब्रुवारीला खोटं लिहिलंस.

मला राग आलाय, आणि तो मी गिळणार नाही. पण माझा राग झाडाच्या मापाचा कमी आणि अकरा फेब्रुवारीचा जास्त आहे.

वह्या कपाटात आहेत. एक उचलून समितीपुढे ठेवली तर पाच मिनिटांतलं एक मिनिटही लागायचं नाही. पण मी ती नेणार नाही. वही माझी असली तरी रेघ तुझी आहे. ती कोणाला दाखवायची ते तू ठरव.

मी मात्र वीस तारखेला तिथे असेन. तुझ्या साहेबांच्या नकाशाविरुद्ध तुझी मावशी उभी राहणार, एवढं धरून चाल.

मावशी

१२ मार्च

ती. मावशी,

तू वही नेणार नाहीस असं लिहिलंस, तेच जास्त लागलं. नेली असतीस तर मला तुझ्यावर चिडता तरी आलं असतं.

माप मीच घेतलं. एकटीच गेले होते. खोड आणि भिंत यांच्यात चार बोटांची फट आहे. आमची स्टीलची पट्टी मागे सरकवली की अडकायची, आणि पलीकडून धरायला कोणी नव्हतं. मग खांबांची जाडी मोजायचा मोठा चिमटा लावला, बासष्ट आलं. हाताने आपोआप खाली रेघ ओढली. परत आल्यावर हिशेब करून घेर लिहायचा, असं मनात होतं. दुसऱ्या दिवशी मला दुसऱ्या जागेवर पाठवलं. आले तोवर तक्ता टाइप होऊन गेला होता आणि "खोडाचं माप" जाऊन तिथे "घेर" झालं होतं.

मी साहेबांना सांगितलं, मावशी. खरंच सांगितलं. ते म्हणाले, "आकडा तुझाच आहे ना? मग बरोबरच असेल." आणि हसले. त्या हसण्याचा अर्थ मला कळला आणि मी जागेवर जाऊन बसले. त्या दिवसापर्यंत ती चूक होती. त्यानंतर ती चूक राहिली नाही. रॅम्प तुतीवरून नेणारी रेषसुद्धा मीच काढली.

आणखी एक सांगते, म्हणजे सगळं सांगून होईल. रॅम्प मागच्या गल्लीतून आणला तर झाड राहतं आणि बेचाळीसच्या बेचाळीस घरंही राहतात. जातं ते फक्त तळमजल्यावरचं गाड्यांचं शोरूम. मी तो नकाशा काढून पाहिलाय, माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. झाड की घरं असा वाद मी तुझ्याशी घातला, तेव्हाही तो ड्रॉवरमध्येच होता.

मला भीती वाटते. मी येणार नाही. माझ्याकडून होणार नाही.

गुंडी

१५ मार्च

गुंडे,

भीती वाटते ते समजलं. ये असं मी म्हणणार नाही, आणि येऊ नकोस असंही म्हणणार नाही. तू आता बारा वर्षांची नाहीस.

शोरूमचं कळल्यावर मात्र माझं डोकं फिरलंय. इतके दिवस मीसुद्धा मनात म्हणत होते की बेचाळीस घरांच्या आड येणारी मी कोण लागून गेले. म्हणजे मास्तरांना माणसं नकोत, साहेबांना झाड नको, आणि मधल्यामधे आम्हाला एकमेकांवर सोडून काचेमागे गाड्या मांडायच्या.

माझी पाच मिनिटं मला पुरेत. पाच मिनिटांत मी अख्खी बाही लावते.

मावशी

१७ मार्च

अध्यक्ष, पुनर्विलोकन समिती, यांस

महोदया,

छापखान्याच्या जागेवरील सुधारित नकाशासोबत जोडलेल्या झाडांच्या तक्त्यात तुतीचा घेर ६२ सेंटिमीटर दाखवला आहे. हे माप मी स्वतः घेतले. ते घेराचे नसून जाडीचे आहे. मूळ कागदावर आकड्याखाली रेघ आहे. ती मी ओढली असून तिचा अर्थ "हे पुरते माप नाही" असा आहे. हिशेबाने घेर १९४ सेंटिमीटरहून अधिक भरतो. तक्त्यातील चूक मला सादर करण्याआधी समजली होती. मी ती वरिष्ठांना तोंडी सांगितली, परंतु लेखी दिली नाही. ती आज देत आहे.

झाड जागेवर ठेवून आणि बेचाळीस घरे कायम ठेवून होऊ शकणारा पर्यायी नकाशा सोबत जोडला आहे. तोही मीच काढला आहे.

आराखडा काढणारी

(मावशी, ही नक्कल तुला. मूळ पत्र मी स्वतः जाऊन देतेय आणि पोच घेतेय. राजीनामा देणार नाही. काढायचं तर त्यांनी काढावं, आणि कशासाठी काढलं ते कागदावर लिहून द्यावं.)

३० मार्च

गुंडे,

तुझी नक्कल मला एकवीस तारखेला मिळाली. सुनावणी विसाला. म्हणजे मी तिथे काही ठाऊक नसताना उभी होते. तुला यायचं नव्हतं ते ठीक, पण जे चुकवलंस ते सांगते.

मास्तर आधी बोलले. त्यांची पाच मिनिटं गर्दीवर गेली. मग तुझे साहेब उठले आणि म्हणाले, झाडाचा आकडा अधिकृत तक्त्यावर आहे, भावनेला इथे जागा नाही. त्यानंतर मी. मी म्हटलं, "भावना घरी ठेवून आलेय. साहेब, जरा उभे राहा. तुमची कंबर एकोणचाळीस आहे आणि पट्टा तुम्ही एक भोक पुढे ओढून लावलाय." साहेबांचा हात पट्ट्यावर गेला. तिघांपैकी दोघांनी कागदातून डोकं वर काढलं. मी म्हटलं, "एकोणचाळीस इंच म्हणजे नव्याण्णव सेंटिमीटर. तक्ता म्हणतो, ते झाड साहेबांच्या कमरेहून बरंच बारीक आहे. साहेबांनी झाडाला टेकून उभं राहावं आणि समितीने येऊन बघावं, कोण कोणाच्या आड लपतं." आणि मी खाली बसले. पाच मिनिटांतली तीन शिल्लक होती.

मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "आमच्याकडे एक पत्रही आलंय." त्यांनी तुझं पत्र मोठ्याने वाचलं. रेघेचं वाक्य आलं आणि मला समोरचं धूसर दिसायला लागलं. चष्मा पुसला, तरी तसंच. तू आली नाहीस याचा मला आता राग नाही, कारण तू आलीसच.

सत्तावीस तारखेला समिती जागेवर आली. त्याच वॉचमनने पत्र्याचं दार उघडलं आणि मला "या बाई" म्हणाला. समितीच्या इंजिनियरांनी स्टीलची पट्टी काढली. ती भिंतीमागे अडकली, तुझी अडकली तशीच. दुसऱ्यांदा घातली, पुन्हा अडकली. साहेब घड्याळ बघायला लागले. मी गळ्यातली टेप काढली. कापडी टेप आणि माझा हात, दोन्ही त्या फटीत गेले. इंजिनियरांनी पलीकडून टोक धरलं. टेप फिरवून पुढे आणली, आणि संपली. दीडशेची टेप, संपली, आणि मधे खोड उघडं. शंभराचा प्रश्न तिथेच मिटला होता. इंजिनियर म्हणाले, दीडशेहून जास्त असं लिहितो. मी म्हटलं, थांबा, अर्धवट माप मी कोणाला देत नाही. पिशवीतली दुसरी टेप पिनेने जोडली आणि पुन्हा फिरवली. एकशे सत्याण्णव. तुझ्या हिशेबाहून थोडं जास्तच. कंबर काय, खोड काय, पुरतं गोल कोणीच नसतं.

नकाशा परत गेलाय. झाड संरक्षित ठरलंय. रॅम्प मागच्या गल्लीतून आणा आणि सोबत जोडलेला पर्याय विचारात घ्या, असं लेखी आलंय. बेचाळीस घरांना समितीची हरकत नाही. मास्तर आता जिन्यात मला बघून छताकडेही बघत नाहीत, परत वर जातात.

कालच तुझ्या दोन ओळी आल्या. "कायम केलं नाही. एकतीसनंतर येऊ नका म्हणाले. कारण लेखी मागितलंय, मिळेपर्यंत रोज जाऊन बसणार आहे." बस. जाताना काजं करायला एखादा शर्ट घेऊन जा, वेळ बरा जातो. आणि ती चौघींची खोली सोड. माझीही खोली एकच आहे, पण कपाटाच्या वरची जागा सगळी तुला. शेजारी बेचाळीस घरं होतील तेव्हा त्यातल्या एकासाठी अर्ज कर. फळं पडून कपडे जांभळे झाले तर माझ्याकडे तक्रार आणायची नाही.

एक राहिलंच. मोजून झाल्यावर इंजिनियरांनी वहीत आकडा लिहिला आणि ठळक दिसावा म्हणून त्याच्याखाली रेघ ओढायला पेन टेकवलं. मी त्यांचा हात धरला.

म्हटलं, "रेघ नको. हे पुरतं माप आहे."

मावशी